नागपूरच्या मारबत मिरवणुकीसाठी मोहल्ल्यात पहिल्यांदाच बडग्या, म्हणजे चालू विषयावर टोमणा मारणारा पुतळा, बांधताय?

पोळ्याच्या निदान 15 दिवस आधी हात घाला. मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन पावसाळ्यात. खळ वाळतच नाही, हे खरं दुखणं. सांगाडा बांबूच्या कांबींचा, गाठी सुतळीच्या. तार नकोच, शेवटी पुतळा जाळायचा आहे. वरून रद्दीचे 3-4 थर, पण आधीचा खडखडीत वाळल्यावरच पुढचा. नाहीतर आतून बुरशी धरते, रंगाचे पोपडे निघतात. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घाला. ते विषारी, म्हणून पोरांना फक्त रद्दी फाडायला बसवा. उंची गल्लीतल्या विजेच्या तारा बघून ठरवा. विषय सगळ्यांनी मिळून निवडा. पाटीवरचा टोमणा मात्र चारच शब्दांचा. गर्दीत पाच ओळी वाचतो कोण?