दोन तास आधीपर्यंत पाणी आणि चार-पाच दिवसांत घरी: हे संशोधन की बेड रिकामा करायची घाई?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आईच्या मोठ्या आतड्याचा गाठ असलेला भाग काढायचा आहे, ऑपरेशन महिन्याभराने. सर्जन म्हणाले, दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल, नाकात नळी नसेल, त्याच संध्याकाळी खुर्चीत बसवू आणि सगळं नीट असलं तर चार-पाच दिवसांत घरी सोडू. वीस वर्षांपूर्वी वडिलांचं असंच ऑपरेशन झालं तेव्हा पाच दिवस पाण्याचा थेंब दिला नव्हता. मग आता नेमकं काय बदललं?

मी सर्जिकल वॉर्डात २२ वर्षं सिस्टर आहे. वडिलांच्या वेळची पद्धत मी स्वतः राबवलेली आहे, आईच्या वेळचीही रोज राबवते. संशोधन खरं आहे. तुमची शंकाही अगदीच निराधार नाही, त्यावर पुढे येते.

आधी उपासाचं. नोकरीला लागले तेव्हा रात्रीचे बारा वाजले की पलंगाच्या डोक्याशी ‘एनबीएम’ची (निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही) पाटी अडकवायची आणि शेजारची पाण्याची बाटली उचलून न्यायची, हे माझं काम. ऑपरेशन सकाळी आठला असो की दुपारी दोनला, पाटी बारालाच. त्यात आधीची केस लांबली की दोनचे पाच व्हायचे. म्हातारी माणसं घोटभर पाण्यासाठी अक्षरशः गयावया करायची आणि मी ओठांवर ओला कापूस फिरवून पुढच्या पलंगाकडे जायची. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं, ही भीती खरीच आहे. १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी भुलीखाली बाळंत होणाऱ्या बायकांमधला हा धोका नोंदवला आणि त्यानंतर उपासाचा नियम कडक होत गेला. फक्त कोणी नीट मोजलं नव्हतं की पाणी जठरात थांबतं किती वेळ. मोजल्यावर कळलं की प्यायलेल्यापैकी निम्मं पाणी १०-२० मिनिटांतच पुढे सरकतं. घन अन्नाला तासन्‌तास लागतात. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच लिहून ठेवलं की साधं पाणी दोन तास आधीपर्यंत आणि हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत चालेल. एनबीएमची पाटी मात्र बऱ्याच वॉर्डांतून त्यानंतरही कित्येक वर्षं हलली नाही.

पाणी म्हणजे आरपार दिसेल असं पेय. गाळलेला रस आणि कोरा चहा त्यात येतो. दूध घातलं की तो चहा पेयात न धरता खाण्यात धरायचा. ही सूट सगळ्यांना नसते. आतड्यात अडथळा असेल किंवा मधुमेहामुळे जठर मंद झालं असेल तर भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील आणि त्यांचाच शब्द शेवटचा. हल्ली साखरेसाठी किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा घेतात ती सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात. आई असं काही घेत असेल तर विचारायची वाट न बघता आपणहून सांगा. नातेवाईक ‘गोळ्या काय चालू आहेत’ याचं उत्तर देतात आणि इंजेक्शन सांगायचं राहून जातं, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता लवकर उठवणं आणि लवकर सोडणं. याची सुरुवात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात केली. ऑपरेशन तेच ठेवून त्यांनी भोवतालची प्रत्येक सवय तपासायला घेतली. वेदनांसाठी फक्त मॉर्फिनवर्गातली औषधं दिली तर आतडं सुस्तावतं, म्हणून वेगवेगळी औषधं थोडी थोडी द्यायची. पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, म्हणून उठवायचं. नाकातली राइल्स ट्यूब सगळ्यांना सरसकट घातल्याने आतडं काही लवकर चालू होत नाही, उलट खोकला आणि फुप्फुसाचा त्रास वाढतो, म्हणून ती काढून टाकायची. १९९७ च्या त्यांच्या लेखात हा सगळा विचार एकत्र सापडतो. पुढे त्याची जगभर मार्गदर्शक तत्त्वं झाली. वॉर्डात आम्ही त्याला नुसतं ‘इरास’ (ERAS, म्हणजे ऑपरेशननंतर लवकर बरं करण्याची पद्धत) म्हणतो.

तुमच्या शंकेचं उत्तर इथे मिळतं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी या पद्धतीच्या १६ चाचण्या, एकूण २,३७६ रुग्ण, एकत्र करून २०१४ मध्ये हिशेब मांडला गेला. मुक्काम सरासरी सव्वादोन दिवसांनी कमी झाला, एकूण गुंतागुंती सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या आणि परत दाखल होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. माणसं अर्धवट बरी असताना बाहेर ढकलली जात असती तर हा शेवटचा आकडा फुगला असता. मात्र घट मुख्यतः छाती, हृदय, लघवी अशा बाजूच्या त्रासांमध्ये आहे. आतड्याचा जोड (गाठीचा भाग काढल्यावर दोन टोकं जिथे शिवतात ती जागा) सुटणं किंवा आत रक्तस्राव होणं यांत ठामपणे म्हणावा असा फरक दिसला नाही. तो भाग अजूनही सर्जनच्या हातावर आणि रुग्णाच्या प्रकृतीवर आहे. ‘इरास आहे, काही होणार नाही’ असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

घाईचंही एक खरं उदाहरण सांगते. मी पूर्वी एका ठिकाणी होते, तिथे या पद्धतीतली एकच गोष्ट उत्साहाने उचलली, ती म्हणजे डिस्चार्जची तारीख. वेदनेची औषधं जुन्याच धर्तीची, वॉर्डात सिस्टर तेवढ्याच, घरी गेल्यावर फोन कुणाला करायचा ते कागदावर नाही. चौथ्या दिवशी घरी पाठवलेले एक गृहस्थ सहाव्या दिवशी ताप आणि फुगलेलं पोट घेऊन परत आले. जोड लीक होत होता. चौथ्या दिवशी नाडी ११० होती आणि तो आकडा माझ्याच हाताने चार्टवर लिहिलेला होता. चालून आले म्हणून नाडी वाढली असेल, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं, मीसुद्धा. ते वाचले, पण दुसरं ऑपरेशन आणि महिनाभर मुक्काम झाला. तेव्हापासून ‘कितव्या दिवशी घरी’ या प्रश्नापेक्षा ‘काय दिसल्यावर घरी’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ताप नाही, नाडी शांत, गोळ्यांवर वेदना आटोक्यात, तोंडाने खाल्लेलं टिकतंय, आपले आपण बाथरूमला जाता येतंय, अशी यादी तुमच्या सर्जनकडे आहे का, ते विचारा.

सगळं नवं ते चांगलं असंही नाही, याचा नमुना म्हणजे सलाईन. आमच्या काळी बाटल्यांमागून बाटल्या चढायच्या, दुसऱ्या दिवशी चेहरे सुजलेले. डेन्मार्कच्याच एका चाचणीत २००३ मध्ये सलाईन हात राखून दिल्यावर गुंतागुंती कमी झाल्या. झालं, लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मग २०१८ मध्ये ३,००० रुग्णांची मोठी चाचणी आली. त्यात पहिल्या २४ तासांत एका गटाला साधारण ३.७ लिटर द्रव मिळाला, दुसऱ्याला ६.१. वर्षभरानंतर अपंगत्वाशिवाय जगणाऱ्यांच्या प्रमाणात फरक नाही, पण कमी द्रव मिळालेल्यांत मूत्रपिंडाला इजा ८.६ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात ५ टक्क्यांना. ‘कोरडं ठेवा’चा हट्ट त्यानंतर मवाळ झाला. आईला पहिल्या दिवशी सलाईन चालू दिसली तर जुनी पद्धत म्हणून घाबरू नका.

पोट साफ करायच्या औषधाबाबत अजूनही रुग्णालयागणिक वेगळी पद्धत दिसेल. फिनलंडच्या २०१९ च्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी जुलाबाचं औषध आणि तोंडाने अँटिबायोटिक देऊन फायदा दिसला नाही. खाली गुदाशयाच्या ऑपरेशनांत मात्र तोंडाने दिलेल्या अँटिबायोटिकचा फायदा दिसला. तुमचे सर्जन जे सांगतील ते करा, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

जखम पिकण्याबद्दलचं संशोधन मला सगळ्यात आवडतं, कारण त्यातले शोध घरगुती वाटावेत इतके साधे आहेत. पूर्वी आदल्या रात्री पोटावरून ब्लेड फिरवायचो. उजेडात कातडी तिरकी धरून पाहिलं की बारीक लाल रेघा दिसत. प्रत्येक रेघ म्हणजे जंतूंना रात्रभर उघडं राहिलेलं दार. आता केस काढत नाहीत, काढलेच तर क्लिपरने. २०२२ मधली चाचणी तर आणखी साधी. भारत, घाना, नायजेरिया, रवांडा अशा सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३,३०१ रुग्णांवर एकच गोष्ट करून पाहिली. पोट शिवायच्या आधी सगळ्या टीमने हातमोजे बदलायचे आणि टाके घालायला नवी, निर्जंतुक हत्यारं घ्यायची. जखम पिकण्याचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. आतड्यात हात घातलेले तेच मोजे घालून कातडी शिवू नये हे सांगायला एवढी मोठी चाचणी लागली, याचं मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. त्याच संशोधकांच्या गटाने त्याआधी महागडं जंतुनाशक आणि औषध लावलेले टाके तपासले होते. साध्या आयोडीनपेक्षा आणि साध्या टाक्यांपेक्षा ते सरस ठरले नाहीत.

टाक्यांचीही एक गंमत आहे. पोटाचा जाड पडदा शिवताना एकेक सेंटिमीटरवर ऐसपैस टाके घालायची रीत होती. नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. कडेपासून पाच मिलिमीटर, पाच-पाच मिलिमीटरच्या अंतराने बारीक टाके घातले तर वर्षभरात जखमेतून हर्निया येण्याचं प्रमाण २१ ऐवजी १३ टक्के. शिवायला थोडा वेळ जास्त लागतो, बाकी काही नाही.

आता रुग्णालय बघताना काय पाहावं. अमेरिकेतल्या १८६ रुग्णालयांमधल्या ८४,७३० रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये आला. जास्त मृत्यू होणाऱ्या आणि कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी मात्र एकीकडे २१.४ टक्के दगावले आणि दुसरीकडे १२.५ टक्के. म्हणजे अडचण दोन्हीकडे येत होती, पण ती वेळीच ओळखून धावाधाव करण्यात फरक होता. त्याआधी २००२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. मी सिस्टर आहे म्हणून हे सांगते असं म्हणा हवं तर, पण ऑपरेशन थिएटर किती चकचकीत आहे याआधी रात्री वॉर्डात किती सिस्टर असतात आणि तीन वाजता बोलावलं तर कोण येतं, हे विचारा.

तुमच्या हातात महिना आहे, तो वाया घालवू नका. आतड्याच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांवर झालेल्या २०२३ च्या चाचणीत ऑपरेशनआधी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनं वाढवलेला आहार, मनाची तयारी आणि गरजूंना तंबाखू सोडायला मदत असं एकत्र दिलं. गंभीर गुंतागुंत २९.७ ऐवजी १७.१ टक्क्यांना झाली. आईला किती झेपेल ते डॉक्टरांना विचारून उद्यापासूनच चालायला लावा.

पहिल्यांदा उठवतील तेव्हा तुम्ही तिथे असलात तर बरं. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून कोपराच्या आधाराने बसायचं, सरळ पोटावर जोर द्यायचा नाही. दोन मिनिटं तसंच बसू द्या, त्या वेळी हमखास गरगरतं आणि आई म्हणेल, ‘मला नाही जमत, झोपू दे.’ खोकला आला तर पोटाशी घट्ट धरायला एक छोटी उशी हवी. आमच्या वॉर्डात ती कधीच सापडत नाही, घरूनच घेऊन जा.