राजीनामा कधी द्यावा? – नोकरी सोडून उपदेशक होऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : मी कारखान्यात फिटर आहे, नोकरीला बारा वर्षं झाली. वर्षभरापासून बायबल अभ्यास गटात बोलतो. गटातले म्हणतात, तुम्हाला उपदेशाची दैवी देणगी आहे, नोकरीत का अडकून राहता? मलाही पाचारण झाल्यासारखं, म्हणजे देवाने या कामाला बोलावल्यासारखं वाटतं. येशूचा शिष्य पेत्र मासेमारीची जाळी सोडून त्याच्यामागे गेला, तशी मीही नोकरी सोडावी का?

जाळ्यांचा दाखला सगळेच देतात. तो उतारा आधी नीट वाचू या. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात पेत्र आणि त्याचा भाऊ अंद्रिया ‘लगेच’ जाळी सोडतात. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात हेच दोघे भाऊ येशूला आधीच भेटलेले दिसतात. अंद्रिया तर एक दिवस त्याच्याबरोबर राहिलेला आहे. याकोब आणि योहान हे दुसरे दोघे मासेमार भाऊ बाप जब्दीला होडीत सोडून गेले, पण मार्क १:२० मध्ये एक बारकावा आहे : जब्दीजवळ मोलकरी होते. म्हाताऱ्याचा धंदा उघड्यावर पडला नाही. पेत्राचं घर आणि सासूही पुढे कथेत आहेतच.

शिवाय पाचारण एकट्याला ‘वाटून’ भागत नाही. पौल आणि बर्णबा या आरंभीच्या प्रचारकांना अंत्युखिया शहरातल्या मंडळीने (विश्वासणाऱ्यांच्या स्थानिक समूहाने) डोक्यावर हात ठेवून, आशीर्वाद देऊन पाठवलं (प्रेषितांची कृत्ये १३), त्याआधी त्यांनी त्याच मंडळीत पूर्ण एक वर्ष शिकवलं होतं (११:२६). लोकांनी त्यांना वर्षभर पाहिलं होतं. तुम्हीही नोकरीत राहून एक वर्ष घ्या. महिन्याला किमान एक संदेश (उपदेशाचं भाषण), म्हणजे बारा. बाराही आपल्याच गटात नकोत. दोन-तीन तरी अशा ठिकाणी द्या जिथे तुमचं नावही कुणाला माहीत नाही : रुग्णालयात, वृद्धाश्रमात, मुलांच्या वर्गात. मुलं कंटाळली की लगेच कळतं, मोठी माणसं सभ्यपणे लपवतात.

वही ठेवा : तारीख, उतारा, किती मिनिटं, मुख्य मुद्दा. संदेशानंतर दोघांना विचारा. एक मंडळीतले वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि एक असा माणूस, ज्याला तुमचं मन राखायची गरज नाही. ‘कसं झालं?’ असं विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर येईल. ‘मी आज काय सांगितलं?’ असं विचारा. बारांपैकी आठ वेळा त्यांचं उत्तर वहीतल्या मुद्द्याशी जुळलं, तर ‘देणगी आहे’ या बोलण्यात काही अर्थ आहे. तीनच वेळा जुळलं तर तुम्ही बोलता छान, पण शिकवत नाही.

आणखी एक कसोटी. उद्या बढती मिळाली आणि समजूतदार साहेब आला, तरी नोकरी सोडावीशी वाटेल का? कामाचा वीट आणि पाचारण आतून फार सारखे वाटतात.

पुढे नामांकित उपदेशक झालेला अमेरिकेतला ड्वाइट मूडी आधी बोस्टनमधल्या चपला-बुटांच्या दुकानात विक्रेता होता. १८५५ साली त्याचे रविवारच्या शाळेतले शिक्षक एडवर्ड किंबल त्याला दुकानातच भेटले आणि तो विश्वासात आला. त्याच वर्षी त्याने मंडळीचं सभासदत्व मागितलं, पण प्रश्नांची उत्तरं धड देता आली नाहीत म्हणून त्याला वर्षभर थांबवलं गेलं. पुढे शिकागोत बुटांचा धंदा चालू ठेवूनच त्याने गरीब मुलांसाठी रविवारची शाळा उभी केली आणि धंदा सोडला तो १८६०च्या सुमारास. सुरुवात आणि राजीनामा यांत पाच वर्षं आहेत.

प्रश्न : ‘देव पुरवील’ असं म्हणून पगार सोडणारे भेटतात. आमच्या छोट्या मंडळीत पंधरा कुटुंबं आहेत, ती मला पूर्णवेळ घ्यायला तयार आहेत. पैशाचा हिशेब कसा करावा?

ही पत्रांतली सर्वांत महत्त्वाची चौकशी, म्हणून जरा विस्ताराने.

सलग तीन महिने घरातला प्रत्येक खर्च लिहा, चहासुद्धा. मग वर्षातून एकदा येणारे खर्च (शाळेची फी, विम्याचा हप्ता, सणाचे कपडे, घरदुरुस्ती) एकत्र करून बाराने भागा आणि मासिक खर्चात मिळवा. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. महिन्याचं गणित जमतं आणि फीच्या महिन्यात कोसळतं. कर्ज असेल तर आधी फेडा. हप्ते डोक्यावर असलेला उपदेशक मोठ्या देणगीदाराला दुखावेल असा उतारा टाळू लागतो, आणि हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

निदान नऊ महिन्यांचा खर्च बाजूला हवा. भविष्यनिर्वाह निधी किंवा निवृत्तीची रक्कम या नऊ महिन्यांत धरू नका. ती मोडून ‘सेवेत घातली’ की साठीनंतर मुलांवर भार पडतो. आरोग्यविमा नोकरीतून असेल तर तो नोकरीबरोबर संपतो. नवा विमा राजीनाम्याच्या आधी घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना बऱ्याचदा प्रतीक्षाकाळ असतो.

आता मंडळीची बाजू. दहा कुटुंबांनी प्रामाणिकपणे दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग दिला, तर बेरीज होते एका सरासरी कुटुंबाच्या उत्पन्नाइतकी. पण त्यातून सभेच्या जागेचं भाडं, वीज, गरजूंना मदत हेही जातं आणि सगळे दशांश देत नाहीत. त्यामुळे पंधरा कुटुंबांत एक पूर्ण पगार बसवणं अवघड आहे. त्यांची इच्छा खोटी नाही, गणित तोकडं आहे. गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष जमलेल्या अर्पणाचा (सभेत दिलेल्या पैशांचा) हिशेब मागा आणि सरासरी न पाहता सर्वांत कमी आलेले तीन महिने पाहा. त्या महिन्यांत तुमचं मानधन देऊन काही उरतं का?

उरत नसेल तर अर्धवेळ सुरुवात करा. पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू बनवत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३). सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले, तेव्हा तो वचन सांगण्यात पूर्ण गढून गेला (१८:५). मासेदोनियाच्या भावांनी त्याची गरज भागवल्याचं तो २ करिंथ ११:९ मध्ये स्वतः सांगतो. पैसा आला तेव्हा पूर्णवेळ, नव्हता तेव्हा हातात सुई. सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर उपजीविका करावी हा हक्क तो १ करिंथ ९ मध्ये ठामपणे मांडतो आणि त्याच अध्यायात तो हक्क आपण बजावला नाही असंही सांगतो. तेव्हा मानधन घेणं कमीपणाचं नाही आणि अर्धवेळ काम करणं अविश्वासाचं नाही. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी इंग्लंडमधल्या मोल्टन गावात पाळक (मंडळीचा धर्मोपदेशक) असताना शाळा चालवत होता आणि जोडेही शिवत होता. १७९३ मध्ये तो बंगालला आला, तिथेही आधी काही वर्षं नीळ कारखान्याची व्यवस्था पाहून पोट भरलं. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा कॅरी तो हाच.

पूर्णवेळ ठरलंच तर तोंडी शब्दावर जाऊ नका. मंडळीकडून पत्र घ्या. त्यात मानधन किती, कोणत्या तारखेला, राहण्याची सोय कुणाची, प्रवासखर्च वेगळा की त्यातच, आठवड्याची सुट्टी कोणती, मुदत किती आणि दोघांपैकी कुणाला थांबायचं असल्यास किती महिने आधी सांगायचं, हे असावं. ‘आपल्यात कागद कशाला?’ असं म्हणणारेच पुढे ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणतात.

अर्पण तुम्ही मोजू नका. दोघांनी तिथेच मोजायचं, वहीत लिहून सह्या करायच्या आणि पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत भरायचं. खातं मंडळीच्या नावाचं हवं, दोन सह्यांचं हवं आणि त्यातली एकही सही तुमची किंवा तुमच्या पत्नीची नको. पौलानेही वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला होता, कुणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). सभासदांकडून वैयक्तिक उसने घेणं पूर्ण बंद. मानधनावर कर लागतो का, हे कर-सल्लागाराला पहिल्याच महिन्यात विचारा.

प्रश्न : प्रशिक्षण घेतल्याशिवाय उपदेश करता येतो का?

तुमची मंडळी कोणती यावर अवलंबून आहे. स्वतंत्र मंडळ्यांत बाहेरची अट सहसा नसते. मेथडिस्टांमध्ये नोकरी सांभाळून उपदेश करणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, पण तिथेही उमेदवारीचा काळ, अभ्यास आणि परीक्षा असतात. अँग्लिकन परंपरेत बिशपची परवानगी लागते. कॅथलिक असाल तर मिस्सा या मुख्य उपासनेतलं प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) यांच्याकडेच राखीव आहे (कॅनन, म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम, ७६७). इतर प्रसंगी मात्र प्रापंचिकाला (दीक्षा न घेतलेल्या सामान्य सभासदाला) बोलता येतं. विवाहित पुरुषाला कायम डीकन होता येतं. त्यासाठी वय किमान ३५ पूर्ण हवं आणि पत्नीची संमती हवी (कॅनन १०३१).

नियम नसला तरी शिका. सतराव्या शतकातला इंग्रज उपदेशक जॉन बन्यन भांडी दुरुस्त करणारा होता, शिक्षण जेमतेम. पण त्याला बायबल जवळजवळ मुखोद्गत होतं. १६६०मध्ये अटक झाल्यावर उपदेश थांबवायचं वचन दिलं नाही म्हणून तो बारा वर्षं तुरुंगात राहिला. पदवी नसेल तर त्याची भरपाई अशा वाचनाने करावी लागते. नोकरीत असताना पत्राद्वारे किंवा सायंकाळचा अभ्यासक्रम घ्या. पहिल्या वर्षी बायबलच्या जुन्या-नव्या कराराची (दोन भागांची) ओळख आणि उताऱ्याचा अर्थ लावायचे नियम एवढं पुरे. बायबलच्या मूळ भाषा, ग्रीक आणि हिब्रू, नंतर. वर्ग निवडताना एवढं पाहा की तुमच्या संदेशावर कुणी लेखी टीका करतं की नाही. नुसती व्याख्यानं ऐकवणाऱ्या वर्गातून प्रमाणपत्र मिळतं, उपदेशक घडत नाही.

प्रश्न : पाळी संपवून घरी आल्यावर आठवड्यात जेमतेम सहा तास मिळतात. त्यात संदेश तयार होईल का?

होईल, पण शनिवारी रात्री सहा तास बसून नाही. सोमवारी उतारा ठरवा, आठ ते पंधरा वचनं, विषय पूर्ण होईल तिथपर्यंत. मंगळवारपर्यंत तो दोन वेगवेगळ्या भाषांतरांत मोठ्याने दहा वेळा वाचा. बसमध्येही वाचता येतो. बुधवारी मागचा आणि पुढचा अध्याय वाचा. कोण, कुणाला, कुठल्या परिस्थितीत बोलतंय? गुरुवारी अख्खा उतारा एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमत नसेल तर संदेश अजून तयार नाही, मग बाकीचं लिहू नका. शुक्रवारी पूर्ण मजकूर, शनिवारी घड्याळ लावून उभं राहून मोठ्याने एकदा. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. आपला वेग मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजा. मिनिटाला शंभर शब्द धरले तर पंचवीस मिनिटांना अडीच हजार शब्द होतात. नवखा माणूस चार हजार लिहितो आणि शेवटी धावतो.

बिघडतं कुठे? आधी मत ठरतं, मग त्याला वचन शोधलं जातं. यिर्मया २९:११ हे भविष्याची आशा देणारं वचन घ्या. मुलाखतीला निघालेल्या तरुणाला ते सर्रास दिलं जातं. पण ते मायदेशातून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक जिवंतपणी मायदेशी परत जाणार नव्हते. हे सांगून मग आशा सांगा, ती जास्त खरी वाटेल. फिलिप्पै ४:१३चंही तसंच; ‘सर्वकाही करण्यास शक्तिमान’ याचा अर्थ मागच्या दोन वचनांत आहे, भरल्या पोटी आणि उपाशी राहायला पौल शिकलाय. तिथे स्पर्धा जिंकण्याचा विषय नाही.

दुसरा दोष संदर्भांचा. एका संदेशात अठरा वचनं उघडायला लावली की लोक पानंच उलटत राहतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. बाहेरचे संदर्भ दोन, फार तर तीन. तिसरा दोष म्हणजे तीनदा संपवणं. शेवटचं वाक्य लिहून ठेवा आणि ते म्हटलं की बसा.

आवाजाबद्दल थोडं. यंत्रांच्या आवाजात काम करणाऱ्याला ओरडून बोलायची सवय झालेली असते. माइक असला की ती मोडा. माइक तोंडापासून वीतभर लांब धरा, कोमट पाणी जवळ ठेवा आणि वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नका.

प्रश्न : पत्नी तयार नाही. देवाचं ऐकावं की तिचं?

ही निवडच चुकीची मांडलीय. वर सांगितलेली कॅथलिक अट पाहा : पत्नीची संमती नसेल तर डीकनपदच नाही. १ तीमथ्य ३:५ सुद्धा घर सांभाळता न येणाऱ्याला मंडळी सोपवत नाही. तिची हरकत नेमकी कशाला आहे ते विचारा. बऱ्याचदा तिची हरकत उपदेशाला नसते, तर पगार, मुलांची शाळा आणि तुमच्या प्रत्येक संध्याकाळी घराबाहेर असण्याला असते. ती खर्चाची वही तिच्यासमोर बसून लिहा. ती ‘हो’ म्हणेपर्यंत अर्धवेळ सेवा करा.

प्रश्न : राजीनामा दिल्यावर आणि पुढे काय काळजी घ्यावी? आणि जमलं नाही तर?

करारात असेल तेवढी सूचना द्या, मध्येच निघू नका. पुढे उपदेशक झालेल्या अमेरिकी बेसबॉलपटू बिली संडेने फिलाडेल्फिया संघाशी करार केला होता. १८९१ मध्ये त्याने रीतसर मुक्तता मागितली आणि ती मिळाल्यावरच तो शिकागोच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत कमी पगारावर रुजू झाला. शेवटच्या महिन्यात कामाच्या वेळेत सहकाऱ्यांना उपदेश करू नका. तो वेळ मालकाचा आहे. अनुभवपत्र, निधीचे कागद, कर कापल्याचा दाखला हातात घेऊनच निघा.

पहिल्या वर्षात थकवा येतो आणि तो ‘आत्म्याचं कार्य’ समजून दडपला जातो. वेल्समधला इव्हान रॉबर्ट्स अकराव्या-बाराव्या वर्षी खाणीत उतरला. १९०४च्या जागृतीत, म्हणजे तिथे उसळलेल्या धार्मिक चळवळीत, तो सव्विसाव्या वर्षी घराघरांत पोचला आणि अखंड सभांमुळे १९०६ पर्यंत इतका खचला की सार्वजनिक सेवेतून बाजूला झाला. म्हणून आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवा, रविवार सोडून. रविवार हा तुमचा कामाचा दिवस आहे.

जाण्याआधीच आढाव्याची तारीख ठरवा, समजा अठरा महिन्यांनी. त्या दिवशी मंडळीचे वडील आणि तुम्ही दोघं पती-पत्नी बसून जमाखर्च आणि संदेशांची वही पाहाल. तोवर फिटरचं प्रमाणपत्र आणि परवाना मुदतीत ठेवा, महिन्यातून दोन दिवस कुणाकडे तरी काम करून हात चालू ठेवा, आणि हत्यारांची पेटी विकू नका.