पिवळी वायर काढा, पण कॅसेट टाकू नका

प्रश्न : आम्ही नुकताच ४३ इंची टीव्ही घेतला. जुना डीव्हीडी प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने त्याला जोडला. १९९६ मधल्या आमच्या लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी करून घेतली होती, ती लावली तर चित्र पुसट आणि सगळे चेहरे फुगलेले. विकत आणलेल्या नाटकांच्या डीव्हीडीत चौकड्याच्या शर्टावर रंग वळवळतात. दुकानदार भारीतली एचडीएमआय वायर घ्या म्हणतो. घ्यावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वायर घ्या, पण भारीतली नको. डीव्हीडीच्या चित्रासाठी साधी एचडीएमआय वायर पुरते. तिच्यातून आकडे जातात; ते नीट पोचले तर चित्र येतं, नाही पोचले तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेने नवरी जास्त गोरी दिसत नाही.

आधी प्लेअरच्या पाठीमागे एचडीएमआयचं सॉकेट आहे का ते पाहा. नसेल तर हिरवी, निळी, लाल अशा तीन पिनांची जागा असेल, ते कंपोनंट. नव्या टीव्हीला बहुधा ती सोय नसते. असली तर जरूर वापरा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट ‘कंपोनंट’वर न्यायला विसरू नका. चित्र काळं-पांढरं आलं तर हिरवी पिन पिवळ्या जागी किंवा पिवळी हिरव्या जागी गेलीय असं समजा.

आता तो वळवळणारा शर्ट. पिवळ्या वायरीत चित्राचा उजेड आणि रंग एकत्र कालवून पाठवतात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. बारीक चौकडा, पैठणीचा नक्षीकाम केलेला काठ, असलं काही आलं की टीव्ही फसतो आणि त्या रेघांनाच रंग समजतो. एचडीएमआय किंवा कंपोनंटमध्ये हे कालवणंच नसतं. तुमची नाटकं वायर बदलल्या दिवसापासून सुधारतील, याची मी खात्री देतो.

लग्नाचं तसं नाही. व्हीसीआर उघडून हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पुसण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून स्पष्ट सांगतो : व्हीएचएस, म्हणजे त्या काळच्या घरगुती कॅसेटच्या टेपवर मुळातच कमी मावायचं. डीव्हीडीवर एका आडव्या ओळीत ७२० ठिपके असतात. टेपवर जेमतेम २४० रेघा वेगळ्या दिसतील एवढाच तपशील. रंग तर त्याहूनही ढोबळ. म्हणून लाल शालूचा रंग शेजारच्या मावशींच्या खांद्यावर सांडलेला दिसतो. तो टेपमधलाच आहे, कुठलीही वायर तो पुसणार नाही. २१ इंची टीव्हीवर हे खपून जायचं. ४३ इंचांवर उघडं पडतं.

तरी टीव्हीकडून थोडं काम करून घ्या. चित्राचा आकार जुन्या टीव्हीसारखा ४:३ करा, चेहऱ्यांची सूज लगेच उतरेल. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील आणि घरात कुणीतरी ‘एवढा मोठा टीव्ही कशाला घेतला मग?’ म्हणेलच, म्हणू द्या. ‘व्हिव्हिड’ मोड काढून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ लावा. शार्पनेस बराच खाली आणा : तो वाढवला की चेहरा नव्हे, टेपवरची मुंगळ्यांसारखी खरखर ठळक होते. अगदी खालच्या कडेला एक वेडीवाकडी पट्टी नाचत असेल तर घाबरू नका. ती व्हीएचएसमध्ये असायचीच; जुने टीव्ही चित्राच्या कडा झाकायचे म्हणून दिसत नव्हती.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. मूळ कॅसेट घरात असेल तर डीव्हीडी आहे म्हणून ती टाकू नका. त्या काळी घाईत, कुठल्याही व्हीसीआरवरून डीव्हीडी उतरवून द्यायचे. चांगल्या, हेड साफ केलेल्या मशीनवरून आज पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवलीत तर चित्र डीव्हीडीपेक्षा स्वच्छ मिळू शकतं. मात्र आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडा पाहा. कोकणातल्या पावसात तिथे पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. ती साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या. आणि चालू व्हीसीआर कुणाकडे असेल तर भंगारात जाऊ देऊ नका. जपानची फुनाई कंपनी शेवटपर्यंत ते बनवत होती, तिनेही २०१६ मध्ये थांबवलं.

प्रश्न : व्हीसीआर जोडायला एव्ही (पिवळी-लाल-पांढरी वायर) ते एचडीएमआय डबी आणली. टीव्हीवर नुसतं ‘नो सिग्नल’. डबी खराब आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : डबीवर काय छापलंय ते वाचा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ असेल तर ती उलट्या कामाची आहे; दोन्ही डब्या दिसायला सारख्याच, त्यामुळे काउंटरवरही गल्लत होते. बरोबर असेल तर तिला मोबाईलच्या चार्जरवरून ५ व्होल्ट द्या, टीव्हीच्या यूएसबीवर विसंबू नका. पण डबीने चित्र सुधारत नाही, फक्त पोचतं. टीव्हीच्या मागे हेडफोनसारखं ‘एव्ही’ लिहिलेलं भोक असेल तर टीव्हीसोबत आलेली छोटी जोडवायर शोधा. जुन्या हॅंडीकॅमची वायर तिथे बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. चित्र आलं नाही तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या जागी लावून पाहा, बिघडत काही नाही. चित्र आलं की डबी दुकानदाराला परत करा.