गोळीला रातपाळी नसते

"मावशी, मी २९ वर्षांची आहे, दोन मुलं आहेत. विडी घरकुलात राहते, घरीच विड्या वळते. आशाताईंनी दिलेली माला-एन ही दिवस राहू नयेत म्हणूनची गोळी घ्यायला लागल्यापासून पाळीचा ताळमेळच राहिला नाही. महिन्यातून दोनदा येते, तीही जेमतेम दोन दिवस. सासूबाई म्हणतात, गोळीने घाण रक्त आत साठतं, गाठ होईल. मी तशी जपूनच घेते, तीन पाकिटं साडेपाच महिने पुरवली. हे यंत्रमागावर आहेत, रातपाळीच्या आठवड्यात मी गोळी घेतच नाही. मेडिकलवाला पाळी सरळ करायची गोळी देतो म्हणतो. ती घेऊ, की माला-एन बंद करू?"

सासूबाईंचं नंतर बघू. तुझ्या पत्रातलं एक वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला, आणि ते तू जाता जाता लिहिलंस: तीन पाकिटं साडेपाच महिने पुरवली.

अगं, तीन पाकिटं म्हणजे ८४ गोळ्या. त्या ८४ रात्रींत संपायलाच हव्यात. ही गोळी पुरवून पुरवून वापरायची नसते. तू वाचवलेली एकेक गोळी म्हणजे संरक्षणाशिवाय गेलेला एकेक दिवस आहे.

पाकीट हातात घे आणि बघ. २८ गोळ्या आहेत. पहिल्या २१ पांढऱ्या, त्यांत दोन हार्मोन्स. शेवटच्या ७ तपकिरी, त्यांत फक्त लोह. पांढरी गोळी रोज पोटात जात राहिली की स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ राहतं. पांढरी थांबली की दोन-चार दिवसांत ते अस्तर सुटतं आणि रक्त जातं. तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत येते ती पाळी अशी येते. आता तू काय करतेस? आठवडाभर घेतेस, आठवडाभर थांबतेस. दर वेळी थांबलीस की शरीर पाकीट संपल्यासारखं वागतं. म्हणून महिन्यातून दोनदा. आणि सात दिवसांच्या गोळ्यांवर अस्तर वाढणार तरी किती? म्हणून जेमतेम. तुझं शरीर बिघडलेलं नाही, तू जसं वागवतेस तसंच ते वागतंय.

माझी खरी काळजी पुढे आहे. पाकीट शेवटच्या ओळीवर येतं तेव्हाचा हिशेब मांड. रातपाळीचा आठवडा, गोळी नाही. पुढे दिवसपाळी, त्यात तपकिरी, म्हणजे नुसतं लोह. त्यापुढे पुन्हा रातपाळी, पुन्हा काही नाही. सलग २१ दिवस तुझ्या अंगात औषधच नाही! पांढऱ्या गोळ्यांत सात दिवसांहून जास्त खंड पडला की बीज पुन्हा तयार व्हायला लागतं. आणि रातपाळीवाला माणूस दिवसा घरीच असतो, हे मी तुला सांगायला नको. तो नसला तरी आधीच्या संबंधातले शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत आत जिवंत राहू शकतात. कुणाची कोणती शिफ्ट आहे हे गोळीला कळत नाही.

म्हणून मेडिकलवाल्याची गोळी नको. दिवस राहिलेत की नाही हे न बघता पाळी आणायची गोळी घेणं धोक्याचं आहे, आणि तुझ्या पाळीला त्याची गरजही नाही. दुसरी गोळी, इंजेक्शन, तांबी, यातलं काहीही आत्ता मनात आणू नकोस. दिवस राहिलेले नाहीत हे तपासलं की तुला करायचंय ते एकच: उद्यापासून रोज, नवरा घरी असो वा कारखान्यात, एक गोळी.

आज संध्याकाळीच आशाताईंकडून लघवी तपासायचं निश्चय किट आण, फुकट मिळतं. उद्या सकाळी पहिल्या लघवीची तपासणी कर. दोन रेघा आल्या तर गोळ्या थांबव आणि थेट आरोग्य केंद्रात जा. आजवर घेतलेल्या गोळ्यांनी गर्भाला अपाय होतो असं नाही, त्या भीतीने रात्र जागून काढू नकोस. एकच रेघ आली तर उरलेलं अर्धवट पाकीट बाजूला ठेव आणि उद्याच रात्री नव्या पाकिटाची पहिली पांढरी गोळी घे. पहिले सात दिवस निरोध हवाच, आणि तो आणायचं काम नवऱ्याचं. पांढऱ्या २१ संपतील त्या दिवशी पुन्हा एकदा किट लाव, कारण अगदी अलीकडे राहिलेले दिवस उद्याच्या तपासणीत दिसणार नाहीत.

वेळ पक्की ठेव. रात्रीच्या भाकरीनंतर, मुलांची अंथरुणं घालायच्या आधी. एखादी गोळी विसरली तर आठवेल त्या क्षणी घे, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त पांढऱ्या विसरल्या तर एक लगेच घे, बाकीच्या सोडून दे, रोजची चालू ठेव आणि सात दिवस निरोध वापर. अशा वेळी पाकिटात सातापेक्षा कमी पांढऱ्या उरल्या असतील तर त्या संपवून तपकिरी गाळायच्या आणि थेट नवं पाकीट सुरू करायचं.

पहिले दोन-तीन महिने मधेच डाग दिसतील. ते दिसले म्हणून थांबू नकोस. थांबलीस की रक्त आणखी जातं आणि पुन्हा पहिल्यासारखं होतं. नंतर पाळी तपकिरी गोळ्यांत येईल, कमी येईल, एखाद्या महिन्यात येणारही नाही. गोळी चुकली नसेल तर एक महिना कोरडा गेल्याने बिघडत नाही. लागोपाठ दोन गेले तर किट लाव.

आता सासूबाई. आत काही साठत नाही, कारण अस्तर मुळात वाढतच नाही. जे तयारच झालं नाही ते बाहेर कुठून येणार? उलट कमी रक्त गेल्याने अंगातलं रक्त टिकतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, तेवढ्यात गोळी घेऊन होते.

आरोग्य केंद्रात गेलीस की ब्लडप्रेशर मोजून घे, ते वाढलेलं असेल तर ही गोळी चालत नाही. आणि एका पायाला सूज येऊन दुखायला लागलं, छातीत कळ आली, कधी नव्हे असं डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर गोळी बंद करून त्याच दिवशी सिव्हिल गाठ, नवऱ्याची शिफ्ट सुटायची वाट बघू नकोस.