दिवस असे आहेत, तर बाळाचा बाप्तिस्मा पुढे ढकलावा का?

तुम्ही लिहिलंय, वातावरण बरं नाही, सोसायटीत उगाच चर्चा नको म्हणून घरचे थांबायला सांगतायत. विश्वास मनात असला की पुरे ना? मी सोलापूरचा, आमच्या घरातली ख्रिस्ती म्हणून चौथी पिढी. मला विचाराल तर थांबू नका. (काही मंडळ्या मोठेपणीच बाप्तिस्मा देतात, तो वाद वेगळा.)

धाकटीच्या वेळी आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं होतं. आईनं त्यातलं तांब्याभर आधीच बाजूला झाकून ठेवलं. पाळकांनी नाव विचारलं, तीनदा डोक्यावर पाणी घातलं, पोरगी शिंकली, मंडळी हसली. झालं. तिनं स्वतः काहीच केलं नव्हतं, आणि माझ्या लेखी सगळं त्यातच आहे. ही ओळख तिनं कमावलेली नाही, तिला मिळालेली आहे. मग ती भीतीपोटी जाईल कशी?

इ.स. 250 च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसनं सगळ्यांना देवतांपुढे बळी द्यायला लावला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीनं दिला. काहींनी पैसे चारून बळी दिल्याचा नुसताच दाखला मिळवला! पुढे ते परत आले तेव्हा कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं त्यांच्याकडून कडक प्रायश्चित्त करून घेतलं, पण पुन्हा बाप्तिस्मा दिला नाही. पहिला पुसलाच गेला नव्हता.

थांबणारा प्रत्येक जण भित्रा, असं मात्र मी म्हणणार नाही. राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. चर्चच्या वहीतली एक ओळ एखाद्या घराला फार महागात पडते. खुद्द कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी 1917 मध्ये काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या मंडळात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

तुमची अडचण सोसायटीपुरती दिसते. मग गाजावाजा करूच नका. मांडव, जेवणावळ, स्टेटसला फोटो, काही नको. पाळकांना सांगून रविवारच्या उपासनेत उरकता येतं. आम्ही तेच केलं. दुपारी घरी रोजचीच आमटी-भाकरी होती. शेजारच्या काकू शेंगाचटणीची वाटी घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “नाव काय ठेवलं मग?”