'आज्ञा पाळीन' या दोन शब्दांवरून

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

लग्नाच्या शपथेत वधूने 'आज्ञा पाळीन' म्हणायचं की नाही, यावरून तुझ्यात आणि तुझ्या होणाऱ्या बायकोत अबोला धरला गेलाय; तुला ते शब्द हवेत, तिला नकोत. आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कोणाच्या बाजूने आहे असं तू मला विचारतोयस. तुला पंच हवाय. ते काम मी घेणार नाही. माझं मत मात्र लपवणार नाही.

आधी ते शब्द. इंग्लंडच्या मंडळीच्या (चर्चच्या) 1662च्या प्रार्थनापुस्तकात वधू आज्ञा पाळण्याची शपथ घेते, वर घेत नाही. अमेरिकेतल्या त्याच परंपरेच्या मंडळीने 1928च्या पुस्तकात ते वगळले. नव्या करारातल्या, पौलाच्या इफिसकरांस पत्रात 'आज्ञा पाळा' हे मुलांना आणि दासांना सांगितलंय, तेही सहाव्या अध्यायात. पाचव्यात बायकांसाठीचा शब्द वेगळा आहे: अधीन असणं. पेत्राच्या पहिल्या पत्रात सारेने अब्राहामाची आज्ञा पाळल्याचा दाखला आहे, तो तुझ्या बाजूचे लोक काढतील. काढू देत, तो आहेच.

पण त्या 'अधीन'ची एक गंमत आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत 22व्या वचनात क्रियापदच नाही. ते 21व्यातून उसनं घ्यावं लागतं, आणि 21वं म्हणतं एकमेकांच्या अधीन असा. छापील प्रतींत बहुतेकदा या दोन वचनांच्या मधोमध ठळक मथळा घुसवलेला असतो, म्हणून वाचणारा 22वर सुरुवात करतो. मीही तिथूनच करायचो.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझी बदली झाली, बायकोला तिची नोकरी सोडायची नव्हती. रात्री जेवण आटोपल्यावर मी शास्त्र उघडून तिला 22वं वचन वाचून दाखवलं, अगदी पाळकाच्या सुरात. ती भांडी पुसत होती. फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "हे पत्र मला आलंय ना? मग माझं पत्र तू का उघडलंस?" पुस्तक माझ्याकडे वळवून तिने 25व्या वचनावर बोट ठेवलं. बोट ओलं होतं, त्या पानावर अजून फुगवटा आहे. तिथून अध्याय संपेपर्यंत बहुतेक मजकूर नवऱ्यांसाठी आहे. बायकांच्या वाट्याला आधीची तीन वचनं. पौल नवऱ्याला प्रीती कर, स्वतःला अर्पण कर म्हणतो. तिला अधीन ठेव, असं तो कुठेही म्हणत नाही. त्या बदलीचं काय झालं ते भेटलास की सांगेन, त्यात माझी फार शोभा नाही.

तुझ्या पत्रात घर आणि मंडळी यांची सरमिसळ झालीय. ते दोन प्रश्न वेगळे ठेव. 1994 साली मार्चमध्ये इंग्लंडच्या मंडळीने पहिल्यांदा स्त्रियांना याजकपदाची दीक्षा दिली, आणि मे महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलं की तसं करण्याचा अधिकार मंडळीला मुळात नाहीच. पण याच पोपनी 1988 साली लिहिलं होतं की इफिसकरांच्या पाचव्या अध्यायातली अधीनता पतिपत्नींची परस्परांची आहे. वेदीपाशी एक नियम, घरात दुसरा, असं मानणारा माणूस गोंधळलेला असतोच असं नाही.

1987 साली अमेरिकेतल्या डॅनव्हर्स इथे तयार झालेल्या निवेदनातलं म्हणणं असं, की स्त्रीपुरुषांचं मोल सारखं, भूमिका वेगळ्या. घरात मस्तक पती, मंडळीत वडीलकी पुरुषांची. तू याला पूरकतावाद म्हणतोस. त्या मताची कित्येक जोडपी मी जवळून पाहिलीत, नवरा आधी उठून चहा ठेवणारी. त्यांना जुलमी म्हणू नकोस. समतावाद्यांना, म्हणजे घरात आणि मंडळीत स्त्रीपुरुषांचा अधिकार सारखा मानणाऱ्यांना, शास्त्र न मानणारे म्हणणंही तसंच उथळ. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं 'स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये' हे वचन घे. तिथलं ग्रीक क्रियापद नव्या करारात फक्त त्या एकाच ठिकाणी आहे; अधिकार चालवणं की तो बळकावणं, यावर विद्वान अजून भांडतात. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबी ही बाई किंख्रियाच्या मंडळीची सेविका आहे, आणि तिथल्याच युनिया या बाईला चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्तम या धर्मगुरूने प्रेषितांत गणून वाखाणलं. विसाव्या शतकातल्या काही ग्रीक आवृत्त्यांनी तिचा पुरुष करून टाकला होता! वादाचं ओझं कुठवर जातं, बघ.

माझा कल समतेकडे आहे. तो ग्रीक शिकून झालेला नाही, मंडळीच्या दारात झाला. मार खाऊन आलेल्या बाईला 'अधीन राहा, प्रार्थना कर' असं सांगून परत पाठवताना मी पाहिलंय, आणि त्या वेळी गप्प बसलोय. तसा प्रसंग तुझ्यासमोर आला तर वचनं काढत बसू नकोस, आधी तिला सुरक्षित जागी पोचव.

आता शपथ. तुझ्या वाट्याची वाक्यं तू लिही, तिची तिला लिहू दे. 'आज्ञा पाळीन' तिला स्वतःहून म्हणायचं असेल तर म्हणेल, मग तुझ्याही वाक्यात ते घालायचं का, हे तू ठरव. दोन्ही कागद लिहून झाले की या दोघंही, माझी ही म्हणतेय तिला तुझ्या होणाऱ्या बायकोलाच आधी भेटायचंय.

तुझा,
काका