वाचक विचारतात : टोंगारिरोची विवरवाट

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टोंगारिरो राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या जागृत ज्वालामुखीच्या विवरांमधून जाणारी ‘टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग’ ही वाट एका दिवसात पूर्ण होते. नाताळच्या सुट्टीत तिकडे जाऊ पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरे.

आम्ही चौघे २६ डिसेंबर ते ५ जानेवारी न्यूझीलंडमध्ये आहोत. या ट्रेकसाठी २९ तारीख राखून ठेवली आहे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड झाले आहेत. तेवढा सराव पुरेल ना? — एक वाचक, नाशिक

सराव पुरेल, पण एकच तारीख राखून पुरणार नाही. वाट सुमारे २० किलोमीटरची आहे आणि सात ते आठ तास लागतात. वाट जिथून सुरू होते तो मंगातेपोपोचा वाहनतळ १,१२० मीटरवर आहे आणि वाटेतला सर्वांत उंच बिंदू, म्हणजे ‘रेड क्रेटर’ची धार, १,८८६ मीटरवर. म्हणजे निव्वळ चढ साडेसातशे मीटरच्या आसपास. बारी गावातून कळसूबाई चढणाऱ्याला तो अंगावर येणार नाही.

अडचण होते ती हवामानाची. सोडा स्प्रिंग्ज हे वाटेतले झरे ओलांडले की झाड नाही, कडा नाही, कपारही नाही. वारा सरळ अंगावर येतो. खाली ऊन असताना धारेवर गारा पडू शकतात, आणि हे भर उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीतही घडते. त्यामुळे २८ ते ३० असे तीन दिवस त्याच परिसरात मुक्काम ठेवा आणि त्यांतला बरा दिवस निवडा. तुरांगी, नॅशनल पार्क व्हिलेज किंवा फाकापापा यांपैकी कुठेही राहिलात तरी चालेल. राहिलेल्या दोन दिवसांत पाहण्यासारखे भोवती पुष्कळ आहे.

आदल्या संध्याकाळी ‘मेटसर्व्हिस’ या तिथल्या हवामान संस्थेचा टोंगारिरो उद्यानासाठीचा डोंगरी अंदाज पाहा. नुसत्या तुरांगी गावाचा अंदाज पाहून निघू नका, गाव हजार-दीड हजार मीटर खाली आहे. अंदाजात वरच्या उंचीवरचा वारा, पाऊस आणि गोठणपातळी (ज्या उंचीच्या वर पाणी गोठते ती) या तीन गोष्टी बघायच्या. धारेवर ताशी ६० किलोमीटरच्या पुढे वारा दिला असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : त्या दिवशी जाऊ नका. रेड क्रेटरच्या अरुंद धारेवर एका झोताने तोल जातो आणि तिथे धरायला काही नसते.

वेळेचा हिशेब साधारण असा. वाहनतळापासून सोडा स्प्रिंग्ज दीड तास. तिथून ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’ चढून साउथ क्रेटरला एक तास. पुढे सपाट पठार ओलांडून रेड क्रेटरच्या माथ्यावर आणखी एक तास. घसाऱ्यावरून एमराल्ड सरोवरांपर्यंत अर्धा तास, ब्लू लेकपर्यंत आणखी अर्धा तास. उरलेला सगळा उतार, केतेताहीच्या वाहनतळापर्यंत, तीन तास. सोडा स्प्रिंग्जलाच दोन तासांहून जास्त लागले तर गटातला कुणीतरी थकतो आहे असे समजा आणि तिथूनच मागे फिरायचा विचार करा. रेड क्रेटर ओलांडल्यावर परत फिरणे पुढे जाण्याइतकेच अवघड होते. म्हणून निर्णय साउथ क्रेटरच्या पठारावर घ्यायचा. माथा ढगात असेल तर तिथून परत या.

गाडी भाड्याने घेतली आहे. सुरुवातीला लावून, शेवटी टॅक्सी करून परत आलो तर? — एक वाचक, ठाणे

तसे जमणार नाही. हंगामात, साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलअखेर, मंगातेपोपोच्या तळावर चार तासांपेक्षा जास्त वेळ गाडी लावता येत नाही. हा नियम वाट पूर्ण करणाऱ्यांनी गाड्या अडकवून ठेवू नयेत म्हणूनच केलेला आहे. शेवटाला हात केला की टॅक्सी मिळेल, अशीही ती जागा नाही.

चांगला मार्ग असा, की गाडी शेवटच्या टोकाला, केतेताहीच्या बाजूला लावायची आणि तिथून सकाळच्या शटलने मंगातेपोपोला जायचे. मग दिवसभर घड्याळाचा धाक राहत नाही. चालत याल तेव्हा गाडी समोर असते. गावातून जाऊन-येऊन शटल घेतली तर परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आरक्षण करतानाच विचारा. नाताळ ते जानेवारी मध्य या काळात शटलच्या जागा लवकर भरतात. ‘हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते?’ हेही आधी विचारून ठेवा. वाटेसाठी वेगळे शुल्क नाही, पण संवर्धन विभागाच्या संकेतस्थळावर फुकट नोंदणी होते ती जरूर करा. वाट बंद झाली किंवा इशारा आला तर त्यांना तुम्हाला कळवता येते.

दिशा मंगातेपोपो ते केतेताही हीच ठेवा. केतेताहीचा तळ ७६० मीटरवर आहे. उलट निघालात तर साडेतीनशे मीटरचा जादा चढ पदरात पडतो.

सह्याद्रीत आम्ही टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि साधे ट्रेकिंग बूट वापरतो. तिकडे वेगळे काय लागेल? — एक वाचक, कोल्हापूर

सुती काहीही नको. सुती कापड घामाने भिजते, वाऱ्यात वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. अंगालगत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा थर, त्यावर फ्लीस आणि सगळ्यांत वर खरोखर पाणी अडवणारे, टोपी असलेले जॅकेट. आपला पावसाळी पोंचो तिथे उपयोगाचा नाही, तो वाऱ्यात शिडासारखा फुगतो. लोकरी टोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही सॅकमध्ये हवेत. उलट बाजूने, तिथले ऊन आपल्यापेक्षा जास्त भाजते. सनस्क्रीन सकाळी लावून विसरू नका, दर दोन तासांनी पुन्हा लावा. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहून जाते.

पाणी माणशी किमान दोन लिटर, उकाडा असेल तर तीन. वाटेत झरे आणि सरोवरे दिसतील, पण ज्वालामुखीतली खनिजे मिसळलेले ते पाणी पिण्याजोगे नाही. स्वच्छतागृह सुरुवातीला आणि सोडा स्प्रिंग्जला आहे. सोडा स्प्रिंग्जला जाऊनच पुढे निघा, कारण वरच्या उघड्या पट्ट्यात कसलाही आडोसा नाही. कागद सोबत ठेवा.

आता बुटांविषयी, कारण चूक इथे सगळ्यांत जास्त होते. दोन-तीन पावसाळे माळ्यावर पडून राहिलेले बूट वरून नवे दिसतात. पण तळव्यातला पॉलियुरेथेनचा मऊ थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि पहिल्या लांब चालीत तळवा अख्खा सुटून हातात येतो. निघण्याच्या महिनाभर आधी ते बूट घालून सिंहगड किंवा तत्सम चढ दोनदा करून पाहा. तळव्याच्या कडेला अंगठ्याने दाबल्यावर भुगा पडला किंवा भेग दिसली तर ते बूट नेऊ नका. थोडी चिकटपट्टी आणि दोरी सॅकमध्ये असू द्या.

रेड क्रेटरनंतरच्या उताराची भीती वाटते. व्हिडिओत लोक बसून उतरताना दिसतात. — एक वाचक, सातारा

बसून उतरणाऱ्यांच्या पँटी फाटतात आणि हातही सोलतात. तो उतार आपल्या घसाऱ्यासारखाच आहे, पण दगड वेगळा. सह्याद्रीच्या घसाऱ्यात कठीण खडकावर मुरूम पसरलेला असतो, त्यावर पाय गोट्यांवर पडल्यासारखा सरकतो. इथे सच्छिद्र, हलकी ज्वालामुखी खडी आणि राख घोट्यापर्यंत खोल आहे. त्यामुळे पाय सरकतो खरा, पण रुततोही. या रुतण्याचा फायदा घ्यायचा.

टाच आधी रोवा, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पावले आखूड टाका आणि वजन पुढच्या पायावर येऊ द्या. घाबरून मागे झुकलात की टाच सुटते आणि माणूस पाठीवर आपटतो. बहुतेक जण इथे पडतात ते याच कारणाने. कडेची मऊ खडी पायाला साथ देते. मधोमध, हजारो पायांनी घासून टणक झालेल्या पट्ट्यावर मात्र घसरायला होते. वाटेची आखलेली हद्द मात्र सोडू नका. काठ्या असतील तर उतरण्याआधी चार-पाच बोटे लांब करा. बुटात खडी जाऊ नये म्हणून गेटर (बुटाचे तोंड आणि पोटरी झाकणारे कव्हर) घाला, नसतील तर मोजे पँटवर ओढा. एकामागे एक सरळ रेषेत उतरू नका, वरच्याच्या पायाखालचे दगड खालच्याला लागतात. घाई असलेल्यांना थांबून वाट द्या.

दोन्ही बाजूंना जमिनीतून वाफ निघताना दिसेल. गंधकाचा वास येईल. दमा असणाऱ्याने इन्हेलर सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावा आणि वासाच्या जागी रेंगाळू नये.

चिवडा, लाडू, थालीपिठाची भाजणी नेली तर चालते का? — एक वाचक, डोंबिवली

न्यूझीलंडचे जैवसुरक्षा नियम फार कडक आहेत. देशात उतरण्यापूर्वी ऑनलाइन प्रवासी घोषणापत्र भरावे लागते, ते फुकट असते. त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा, अगदी पर्समधली बडीशेपसुद्धा. जाहीर केलेली वस्तू चालणार नसेल तर अधिकारी ती काढून घेतात, दंड करत नाहीत. जाहीर न करता सापडली तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. मध, ताजी फळे, बिया आणि दुधातुपाचे घरगुती पदार्थ नेऊच नका. ऑकलंड-हॅमिल्टनमध्ये भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत, चिवडा तिथे मिळेल.

वापरलेले बूट, काठ्या, तंबू हेही जाहीर करायचे असतात. तळव्याच्या खाचांतली माती टूथब्रशने काढून, धुऊन, वाळवूनच बॅगेत भरा. विमानतळावर बूट खरोखर उलटे करून पाहतात.

जागृत ज्वालामुखीवर मुलांना नेणे कितपत योग्य? — एक वाचक, पुणे

या वाटेजवळच्या ‘ते मारी’ नावाच्या विवराचा उद्रेक ६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री झाला. उडालेल्या दगडांनी केतेताही हट या डोंगरातल्या निवाऱ्याचे छप्पर फुटले. हट तेव्हा रिकामी होती. २१ नोव्हेंबरला, भर दुपारी, दुसरा उद्रेक झाला तेव्हा वाटेवर शाळकरी मुलांसह बरेच लोक होते. सगळे सुखरूप उतरले. म्हणजे धोका कल्पित नाही, पण त्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा चांगली आहे. ‘जिओनेट’ ही संस्था प्रत्येक ज्वालामुखीची सतर्कता पातळी ० ते ५ अशी जाहीर करते. ० म्हणजे शांत, १ आणि २ म्हणजे अस्वस्थता, ३ पासून पुढे उद्रेक. सकाळी निघताना ती पातळी आणि वाट उघडी असल्याची सूचना, दोन्ही पाहा. वाटेवरच्या इशाऱ्याच्या फलकावर लाल दिवा लागलेला असेल तर मागे वळा.

उताराच्या टप्प्यात ‘इथे थांबू नका’ अशा पाट्यांचा पट्टा येतो. डबा उघडायची, फोटोची, विश्रांतीची जागा ती नव्हे. मुलांना त्याआधीच खाऊ-पाणी देऊन घ्या. वयाबाबत म्हणाल तर, जे मूल आपल्याकडे दिवसभरात १५ किलोमीटर कुरकुर न करता चालते तेच तिथे न्या. कडेवर घेऊन घसारा उतरणे दोघांच्याही दृष्टीने वाईट. अडचण आली तर आणीबाणीचा क्रमांक १११ आहे, पण मोबाइलची रेंज सगळीकडे नाही. भाड्याने मिळणारा आपत्कालीन बीकन (मदतीचा संदेश पाठवणारे यंत्र) गटात एक तरी घ्या.

एमराल्ड सरोवरात पोहता येते का? — एक वाचक, मुंबई

नाही. पाणी थंड आणि आम्लधर्मी आहे. तो पाचूचा रंग शेजारच्या उष्ण खडकांतून झिरपलेल्या खनिजांमुळे येतो. पण पाण्यात न उतरण्याचे खरे कारण वेगळे आहे. ही शिखरे आणि सरोवरे न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीला पवित्र आहेत. त्यांचे प्रमुख ‘ते हेउहेउ तुकिनो चौथे’ यांनी १८८७ मध्ये ही शिखरे राष्ट्राच्या स्वाधीन केली, त्यातूनच न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. पाण्याला हात लावू नका. ब्लू लेकच्या काठी बसून खाणेही टाळा. न्गाउरुहोए आणि टोंगारिरोच्या माथ्यावर चढू नये अशी तिथल्या लोकांची विनंती आहे. आपल्याकडे गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी पाय आपोआप थांबतो, तसाच इथेही थांबवावा.

हे लोणारसारखेच विवर आहे का? — एक वाचक, बुलढाणा

नाही. लोणार उल्केच्या आघाताने झाले, तेही आपल्या जुन्या बेसाल्टमध्ये. इथली विवरे ज्वालामुखीच्या स्फोटांतून झाली. रेड क्रेटरचा लाल रंग खडकातल्या लोहाच्या गंजण्याचा. गंमत म्हणजे साउथ क्रेटर हे नाव असूनही ते विवर नाही, भोवतालच्या सुळक्यांमध्ये अडकलेले एक खोरे आहे.

मी ६३ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. मुलगा-सून क्रॉसिंग करणार आहेत. मी दिवसभर काय करू? — एक वाचक, पुणे

ताई, पूर्ण वाट तुम्ही करू नये. चढापेक्षा शेवटचा अकराशे मीटरचा उतार गुडघ्यांना जड जाईल. फाकापापा गावातून तारानाकी धबधब्याची सहा किलोमीटरची वर्तुळाकार वाट आहे, सावकाश गेलात तर अडीच तास. वर जाताना उघडे माळरान आहे आणि परतताना बीच नावाच्या झाडांचे जंगल लागते. विवरच पाहायचे असेल आणि पाय साथ देत असतील तर त्याच गावातून तामा सरोवरांची वाट आहे. ही सरोवरे जुन्या स्फोटविवरांत साचलेली आहेत. जाऊन-येऊन १७ किलोमीटर होतात, पण चढ सौम्य आहे. खालचे सरोवर पाहून परत फिरलात तर वरच्याचा खडा चढ वाचतो.

मुला-सुनेसोबत थोडे चालायचेच असेल तर मंगातेपोपो ते सोडा स्प्रिंग्ज आणि परत, एवढे करा. तीन तासांत होते, सपाटीचा भाग बराच आहे आणि न्गाउरुहोएचा शंकू सतत समोर दिसतो. मंगातेपोपोला चार तास गाडी लावता येते, तेवढ्यात हे बसते. मात्र शटलने गेलात तर जाताना शटलवाल्याला सांगून ठेवा की तुम्ही तिथूनच परतणार आहात.